पेडलची तुटलेली दांडी

"मॅडम, चार वर्षं शिकून शेवटी भट्टीसमोरच उभं राहायचं ना?" वडिलांनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. मुलीला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र अभियांत्रिकी, मिळत होती. कॉम्प्युटरची जागा थोडक्यात हुकली होती. आई गप्प. मुलगी नुसती कंपासपेटी उघडत-मिटत होती.

मुलांना शाखा निवडायला मी मदत करते, त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो. माणसं बदलतात, भट्टी तीच.

मी मुलीकडे वळले. "तुला काय वाटतं?" उत्तराऐवजी तिने पेटीतून बोटाएवढा लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला. सायकलच्या पेडलची तुटलेली दांडी. "मी जोर दिलाच नव्हता, तरी तुटली. आणि हे बघा ना." तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा. उरलेला अर्धा खडबडीत, दाणेदार. गेले सहा महिने ती हे जपून ठेवत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी इंजिनिअर नाही. पण माझ्याकडे पूर्वी आलेला एक मुलगा आता तुटलेल्या भागांच्या तपासणीचंच काम करतो, त्याने मला हे वाचायला शिकवलंय. दांडीवर रोज थोडा थोडा ताण येतो, कुठेतरी केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू पुढे सरकते. त्या सरकण्याच्या खुणा म्हणजे या रेषा. उरलेल्या भागाला भार झेपेनासा झाला की तो एका क्षणात तुटतो, तोच खडबडीत भाग. याला फटीग म्हणतात. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली, त्यामागेही हीच थकवा आलेल्या धातूची गोष्ट होती.

"आणि हे शोधायचे पगार देतात?" वडील.

देतात. पोलाद कारखाने, ओतकाम, फोर्जिंग (तापलेला धातू ठोकून-दाबून घडवणं), हीट ट्रीटमेंट (तापवून-गार करून गुण बदलणं) हे तर आहेच, आणि तिथे भट्टीही आहे, ते मी लपवलं नाही. पण विमानाच्या इंजिनातली निकेल मिश्रधातूची पाती, हाडात बसवायचे टायटॅनियमचे सांधे, गंजणाऱ्या पाइपलाइन, बॅटरीतून धातू परत काढणं, कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोखंड तयार करणं, हीसुद्धा याच शाखेची कामं. चार वर्षांत शिकायचं एवढंच, की धातू आतून कसा रचलेला आहे आणि ती रचना बदलली की त्याचा स्वभाव कसा बदलतो. एकच पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक आणि ठिसूळ, भट्टीतच सावकाश गार होऊ दिलं तर मऊ.

दुसरी बाजूही सांगितली. कॉम्प्युटरइतक्या कंपन्या या शाखेसाठी दारात येत नाहीत. कारखाने बऱ्याचदा शहरापासून लांब असतात, सुरुवातीला पाळ्या कराव्या लागतात. संशोधनात जायचं तर पुढे एम.टेक., पीएच.डी. बहुतेकदा करावी लागते. बरेच जण शेवटी सॉफ्टवेअरकडे वळतात, त्यात मला वावगं वाटत नाही. मात्र पहिल्या दिवसापासून तोच बेत असेल, तर ही चार वर्षं जड जातात.

हे मी स्वतः चूक करून शिकले. एका मुलाला मी म्हणाले होते, "आता घे, ब्रांच नंतर बदलता येईल." बदलली नाही. दोन वर्षं त्याने एकही विषय मनापासून वाचला नाही. तेव्हापासून हे वाक्य मी टाकून दिलंय. त्याऐवजी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम समोर ठेवते. मुलीने यादी वाचली: ऊष्मागतिकी, फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला मिश्रधातू कोणत्या रूपात असतो त्याचा नकाशा), धातूंचे यांत्रिक गुणधर्म. तिसऱ्यावर तिचं बोट थांबलं. "हे म्हणजे दांडीचं?"

वडिलांनी तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ.

दीड वर्षाने तिने पाठवलेला एक फोटो आला. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचा नमुना, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. पोलादातल्या या पट्टेदार रचनेला पर्लाइट म्हणतात. खाली लिहिलं होतं: "पर्लाइट दिसला, मॅडम! पॉलिश पेपरवर घासून घासून बोटं काळी झालीत, आणि पहिले दोन नमुने ॲसिडमध्ये जास्त वेळ राहून वाया गेले. बाबा विचारत होते, आपल्या दांडीत पण असंच दिसेल का? कापून बघू म्हणतेय, पण ते कापू देत नाहीत."