मावशीला विचारा: पळस बघायला गेलो आणि भांडून परत आलो

प्रश्न: मावशी, आम्ही कोथरूडला राहतो. मी, नवरा, दोन मुलं (मोठा ८ वर्षांचा, धाकटी ५ ची) आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या रविवारी मीच हौसेने सगळ्यांना बाहेर काढलं, म्हटलं ताम्हिणीकडे पळस फुललाय, बघून येऊ. निघता निघता साडेदहा वाजले, मग चांदणी चौकात ट्रॅफिक, धाकटी गाडीत ओकली, पोचलो तर टळटळीत ऊन, उतरायला कोणी तयार नाही. पळस बघितला तो चालत्या गाडीतून. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच दाखवायला आणलंस होय?" वर हॉटेलात तासभर वेटिंग. घरी आल्यावर दोन दिवस मी आणि नवरा एकमेकांशी बोललो नाही. दुसरीकडे कुठे जायला हवं होतं का?
(एक वैतागलेली सून, पुणे)

उत्तर: अगं, जागा बरोबर होती, वेळ चुकली. या दिवसांत सकाळी सातला स्वेटर लागतो आणि अकराला सावली शोधावी लागते. पक्षीसुद्धा नऊ-साडेनऊनंतर गप्प बसतात. तेव्हा साडेसहाला गाडी सुरू आणि दहाला घरी, बस. आंघोळ आल्यावर करायची (सासूबाई कुरकुरतील, दोन रविवार कुरकुरतील, मग सवय होते). हॉटेल तर पूर्ण कॅन्सल, रात्रीच्या पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी करायची, थर्मासात चहा, आणि धाकटीला निघताना दूध अजिबात देऊ नकोस, घाटात तेच बाहेर येतं.

दुसरं म्हणजे दर रविवारी नवीन स्पॉट कशाला गं? एक झाड पकड. आमच्या गल्लीच्या टोकाला काटेसावर आहे, जानेवारीत पानं झडून नुसता सांगाडा उरतो आणि मग त्या सांगाड्यावर ही मोठमोठी लाल फुलं. मागच्या वर्षी नातीला घेऊन खाली उभी होते तर थप्पकन फूल पडलं, तिने उचललं आणि म्हणाली आजी हे जड आहे. खरंच जड असतं, पाकळ्या चामड्यासारख्या जाड, आत पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी मुंग्यांची ही गर्दी. वर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची नुसती भांडणं चाललेली, एक शिंजीर तर उलटं लटकून मध पीत होतं. अर्धा तास पोरगी हलली नाही, आणि घरापासून किती लांब, तर २०० पावलं. एप्रिलमध्ये त्याच झाडाच्या बोंडांतून कापूस उडायला लागला तेव्हा मला म्हणते, "आजी, आपलं झाड फुटलं!" टेकडीवर गेलात तर गुलाबी फुलांनी भरलेलं गिरीपुष्प सगळीकडे दिसेल, फोटोला छान, पण ते झाड बाहेरून आणून लावलेलं, आपलं नव्हे.

आता सासूबाई. त्यांना बघायला नेऊ नकोस, कामाला लाव. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावलेल्या असतात, विचारून बघ. मोठ्याला सांग, पळसाला पाने तीनच म्हणतात ना, मग मोजून आण. फुलोऱ्यात झाड बहुतेक निष्पर्ण असतं, त्यामुळे तो पानं शोधत बसेल, आणि आजी सांगेल खाली बुंध्याशी फुटव्याला बघ. फूलही हातात घेऊन बघा, बुडाशी काळपट मखमली टोपी आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी, म्हणून तर संस्कृतात किंशुक म्हणतात, म्हणजे हा पोपट तर नव्हे? वास मात्र शून्य. डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल टाक, गुडघ्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. सपाट जागाच हवी असेल तर एम्प्रेस गार्डन आहे, जुनी मोठी झाडं आणि बसायला सावली.

एक लक्षात ठेव, पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो पण पळस माघ-फाल्गुनातच पेटतो. पाडवा झाल्यावर जाऊ म्हणालात तर बऱ्याच ठिकाणी शेंगाच बघाल. आणि घाटात लांबून लालभडक दिसणारं झाड दाखवून नवरा म्हणाला बघ काय फुललंय, तर आधी जवळ जा, तो कुसुंब असू शकतो, ती फुलं नाहीत, कोवळी पालवीच तशी लाल असते. (हे चारचौघात सांगू नकोस, पुन्हा दोन दिवस अबोला.)

लांबची ट्रिप सीझनमध्ये एकच, भिगवण. उजनीचं बॅकवॉटर, पुण्याहून साधारण १०० किलोमीटर, पहाटे पाचला निघा. तिथले मच्छीमार होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवतात. ऊन तापायच्या आत जा, मार्च सरत आला की पाहुणे पक्षी निघायला लागतात.

प्रश्न: पळसाच्या फुलांचा होळीचा रंग घरी जमतो का? आमच्याकडे शेताच्या बांधावर खूप झाडं आहेत.
(एक वाचक, नागपूर जिल्हा)

उत्तर: जमतो की! झाड ओरबाडू नका, खाली पडलेली फुलं वेचा, देठाकडची काळी टोपी काढा आणि पाकळ्या पातेलंभर पाण्यात उकळा किंवा रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यातून गाळलं की पिवळा-केशरी रंग तयार. चिमूटभर चुना टाकला तर गडद होतो, पण पोरांच्या अंगावर उडवायचा असेल तर चुना नको. फुलं सावलीत वाळवून ठेवलीत तरी चालतात. पांढऱ्या झब्ब्यावर डाग राहू शकतो, जुनेच कपडे घाला.

प्रश्न: किल्ल्यावर जाताना परफ्यूम लावू नका म्हणतात, हे खरं की उगाच?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: अगदी खरं. या दिवसांत कड्यांना, बुरुजांना, उंच झाडांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, उग्र वास, धूर आणि आरडाओरडा झाला की ती उठतात. तेव्हा डिओ नको, स्पीकर नको, आणि चुलीवरच्या पिठल्याची हौस तर तिथे अजिबात नको, एक ठिणगी वाळक्या गवतात पडली की अख्खा डोंगर जळतो. मोहोळ उठलंच तर हात झटकत बसू नका, तोंड-डोकं ओढणीत गुंडाळा, लहान मूल असेल तर आधी त्याला झाका आणि गाडी किंवा बंद खोली गाठा. जास्त डंख झाले असतील तर कांदा चोळत न बसता सरळ दवाखाना.