रत्नागिरीत शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. एलेरॉनच्या (पंखावरच्या हलत्या झडपेच्या) पुशरॉडला, म्हणजे ती हलवणाऱ्या दांड्याला, नायलॉक नट चालेल का?

बोल्ट जिथे फिरू शकतो तिथे नायलॉक चालणार नाही, खाचांचा कॅसल नट आणि त्या खाचांतून आरपार जाणारी कॉटर पिनच लावा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत हे स्पष्ट दिलंय. नायलॉक आतल्या नायलॉनच्या कड्याच्या नुसत्या घर्षणावर धरतो. बोल्ट मागेपुढे फिरत राहिला की नट हळूहळू सैल होतो. रॉड एंडचा, म्हणजे पुशरॉडच्या टोकाच्या बेअरिंगचा, मधला गोळा बोल्टने घट्ट आवळलेला असेल आणि बोल्ट जागचा हलत नसेल, तर मात्र विमानाच्या काही किटच्या ड्रॉइंगमध्ये नायलॉकच असतो. तिथे ड्रॉइंग पाळा, आपलं डोकं चालवू नका.

नट लावताना हेही बघून घ्या:
- रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला मोठा वॉशर हवाच. बेअरिंग निखळलं तरी रॉड निसटत नाही.
- रॉडला तपासणीचं भोक असेल तर त्यात सेफ्टी वायर घालून बघा. आरपार गेली तर आटे पुरेसे बसलेले नाहीत.
- बोल्टचं डोकं शक्यतो वर किंवा पुढे.

मिऱ्याकडचा खारा वारा कॅडमियमचा मुलामा खातो, म्हणून पावसाळ्यानंतर सगळे सांधे उघडून बघा. काढलेली कॉटर पिन परत वापरायची नाही, नवीनच घाला.