वाचकांचे प्रश्न : शेजारणीची पोफळ

प्रश्न : ताई, पाककृतींपासून मुलाखतींपर्यंत सगळं लिहून झाल्यावर तुम्ही कथेकडे कशा वळलात? मीही इथल्या एका साप्ताहिकाला बातम्या देतो. गोष्टी सुचतात, पण गावात सगळेच ओळखीचे. कुणी स्वतःला ओळखलं तर?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ‘सगळं’ म्हणजे खरंच सगळं हो. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत तीन टेबलं आणि अडीच माणसं. अर्धी मी, कारण पगार अर्धा. सकाळी मिरकरवाडा बंदर, दुपारी सांदणांची कृती, संध्याकाळी कुणाच्या तरी एकसष्टीचा लेख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, की बंदराचं पान रिकामं. मग सोडे, सुकट, बोंबील! सुक्या मासळीवर मी दहाएक लेख तरी पाडले असतील. ज्योतिषीबुवांचं पाकीट आलं नाही, की राशिभविष्यही माझ्याच गळ्यात. संपादकांची रास वृश्चिक. गणपतीच्या आठवड्यात मी लिहिलं, ‘हाताखालच्यांची रजा मंजूर केल्यास लाभ.’ रजा मिळाली. कल्पित लेखनाचं ते माझं पहिलं मानधन म्हणा.

कथा मात्र निसर्ग वादळानंतर आली. ३ जून २०२० ला वादळ झालं, त्यानंतर काही दिवसांनी मी दापोली तालुक्यात केळशीला गेले. मजकूर हवा होता सहाशे शब्दांचा, आकड्यांसकट. एका आजींच्या वाडीत पोफळी आडव्या पडलेल्या, घरावर कौलं नाहीत, आणि आजी पडवीत बसून ओले तांदूळ सुपात पसरत होत्या. विचारलं, किती पोफळी गेल्या? म्हणाल्या, “सासूबाईंनी लावलेल्या नऊ, माझ्या हातच्या चौदा. विहिरीजवळची तेवढी राहिली. पण ती शेजारणीची.”

मी वहीत २३ लिहिलं. छापून आलं ‘सुमारे २५’. हिशेब चुकला नाही म्हणा, पण आजींची सासू त्यातून गेली आणि शेजारीणही. एकीच्या वाडीत दुसरीची पोफळ उभी कशी, हे मी तिथे विचारलंसुद्धा नाही. ते मला वर्षभर छळत राहिलं. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि आजींनी त्याच पावसात नवी रोपं लावली होती. वय ७४.

पहिला खर्डा एका दिवाळी अंकाकडून साभार परत. बरोबरच होतं. पहिल्याच परिच्छेदात कोण, कुठे, केव्हा, किती नुकसान! सवय हो. तुम्हालाही ती नडेल. मी तो परिच्छेद अख्खा काढला आणि ओल्या तांदळाच्या सुपापासून सुरुवात केली. मग शेजारीण आपोआप कुंपणाशी येऊन उभी राहिली.

आता ओळखण्याचं. ओळखतातच. नाव, गाव बदला, घरातलं झाकलेलं काही बाहेर काढू नका, आणि कथा छापून आली की अंक स्वतः नेऊन द्या, दुसऱ्याकडून कळायच्या आत. मी नाव बदललं होतं, गावही. शेवटाला मात्र ती पोफळ मी आजींच्या नावावर करून टाकली होती. मला वाटलं, खूश होतील.

चार दिवसांनी फोन आला. “गोष्ट बरी आहे गो. पण पोफळ शेजारणीचीच. खोटं कशाला लिहितेस?”