विमान समुद्रात बेपत्ता. वारसांनी सात वर्षं थांबायचं का?

प्रश्न : माझे यजमान ज्यात होते ते लष्करी विमान समुद्रावर बेपत्ता झालं. मृतदेह मिळाला नाही. हवाई दलाने 'मृत गृहीत' असं पत्र दिलं, पेन्शनही सुरू झाली. पण ओझरचा त्यांच्या नावावरचा प्लॉट आणि विमा अडकलाय. दीर म्हणतात, सात वर्षं थांबावंच लागतं. – एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, थांबू नका. सात वर्षं ज्याची खबरबात नाही तो जिवंत आहे, हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं, एवढंच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचं कलम १११ (जुन्या कायद्यात १०८) सांगतं. त्याआधी मृत्यू सिद्धच करता येत नाही, असं ते कुठेही म्हणत नाही. तुमच्याकडे तर पुरावा आहे : विमानातल्यांची यादी, शेवटच्या संपर्काची वेळ, शोधमोहीम, चौकशीचा निष्कर्ष. त्याच्या प्रमाणित प्रती लेखी मागा.

२२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान आठवा. आत २९ जण होते. अवशेषांची छायाचित्रं मिळाली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तीही सुमारे ३४०० मीटर खोलीवरची. त्या २९ जणांना मात्र २०१६ मध्येच मृत गृहीत धरलं होतं.

दिवाणी न्यायालयात मृत्यूच्या घोषणेचा दावा लावा आणि त्यात मृत्यूची तारीखही स्पष्ट मागा. हे विसरू नका. सात वर्षांच्या गृहीतकाने तारीख ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात सांगितलं. तिथे नवरा बेपत्ता झाल्यावर हप्ते थांबले, पॉलिसी बंद पडली आणि बाईंचा पूर्ण रकमेचा दावा गेला. म्हणून विमा कंपनी दावा मान्य करेपर्यंत हप्ते भरत राहा, कितीही जिवावर आलं तरी.

केंद्र सरकारला प्रतिवादी करावं लागेल, त्यासाठी आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती आजच पाठवा. निकालाच्या आधारे मृत्यूचा दाखला आणि मग प्लॉटवर वारसनोंद.

मृत्युपत्र नसेल आणि प्लॉट त्यांनी स्वतः घेतलेला असेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, मुलं आणि सासूबाई यांना समान हिस्से मिळतात. दिरांना नाही. पण सासूबाईंना विश्वासात घ्या. मुलगा परत येईल ही आस त्यांना असेल, तर कागदावर सही करताना त्यांना काय वाटत असेल याचा विचार करूनच बोला.

वकिलाच्या फीची काळजी नको. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. हवाई दलाचं पत्र आणि लग्नाचा दाखला सोबत न्या.