तुमचं आडनाव दुर्मिळ आहे का? त्याच आडनावाची बाहेरची माणसं किंवा त्या नावाचं गाव कधी भेटलंय का?

माझं आडनाव चेऊलकर. ठाण्यात जन्मलो, चरईत वाढलो, आता कोलशेतला राहतो, आणि शाळेपासून ऑफिसपर्यंत घराबाहेरचा एकही चेऊलकर मला वयाच्या चाळिशीपर्यंत भेटला नव्हता, म्हणून तुमचा प्रश्न दिसला आणि लगेच लिहायलाच बसलो.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. मग ही मंडळी तेलाचा घाणा चालवायला लागली, शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद, त्यामुळे गावात नाव पडलं शनवार तेली. आणि ज्या गावात राहिले त्या गावावरून आडनाव. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, तसे आम्ही चेऊलचे चेऊलकर. यातली कितीतरी आडनावं हिंदूंमधेही आहेत, दिवेकर तर भरपूर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर आमच्यातलेच, पण नुसतं दिवेकर ऐकून कुणाच्या डोक्यात येईल का? आमचं ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलजवळ.

आता प्रसिद्ध माणूस म्हणाल तर एकच नाव, अभिनेते डेव्हिड. ‘बूट पॉलिश’ मधले जॉन चाचा, हसरा चेहरा, टक्कल, तेच. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. लहानपणी टीव्हीवर त्यांचा पिक्चर लागला की आजी पदराने हात पुसत किचनमधून बाहेर यायची आणि म्हणायची, हे आपले. मी एकदा विचारलं, आजी हे आपले कोण लागतात? तर म्हणाली, लागत कुणी नाहीत रे, गाव एक. तेव्हा मला त्या उत्तराने फार वाईट वाटलं होतं, मला सरळ काका वगैरे हवे होते.

गावाची वेगळीच गंमत. नकाशात चेऊल शोधलंत तर सापडणार नाही, चौल सापडेल. अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं, नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचं देऊळ, डोंगरावर दत्त, दत्तजयंतीला मोठी जत्रा. एवढ्या शांत गावाला बघून खरं वाटत नाही, पण हे जवळजवळ दोन हजार वर्षं जुनं बंदर आहे. ग्रीक लोकांच्या लिखाणात ते सेमुल्ला म्हणून येतं, अरब त्याला सैमूर म्हणायचे. रशियाचा अफनासी निकितिन पंधराव्या शतकात घोडा घेऊन इथेच उतरला. १५०८ मधे इथे समुद्रात लढाई झाली, इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. हे सगळं मी खूप उशिरा वाचलं, आणि वाचायला लागलो त्याला कारण एक कागद.

झालं असं की पप्पा गेल्यावर त्यांच्या पैशांच्या कामासाठी एका ऑफिसात खेपा घालत होतो. रेशनकार्डावर चौलकर, पप्पांच्या नोकरीच्या कागदांवर चेवूलकर आणि माझ्या आधारवर चेऊलकर, तिन्ही वेगळे. खिडकीतले साहेब म्हणाले की बरोबर चौलकरच असणार, चेऊल असं गावच नाहीये, तुमच्या वडिलांनी चुकीचं लावलं असेल. चार महिने फाइल तिथेच. शेवटी अ‍ॅफिडेव्हिट केलं की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, तेव्हा सुटली, पण ते "चुकीचं लावलं असेल" मनात राहूनच गेलं, पप्पा सही करताना ऊ चा शेपटा किती जपून काढायचे ते मी पाहिलेलं आहे.

त्यानंतर साधारण वर्षाने नौपाड्यात एका लॅबमधे सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला बसलो होतो. काउंटरवरच्या मुलीने आवाज दिला, चेऊलकर! मी उठलो आणि समोरच्या बाकावरून एक काकाही उठले, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी. दोघं एकमेकांकडे बघतोय, ती मुलगी आमच्याकडे बघतेय. नंबर त्यांचा होता. पण रक्त देऊन झाल्यावर ते गेले नाहीत, माझं होईपर्यंत दंडावर कापूस धरून थांबले, मग खाली टपरीवर चहा घेतला. पहिला प्रश्न, गाव कुठलं? दोघांचंही चौल. दुसरा प्रश्न अर्थातच कुलदैवत कोण? मी म्हटलं काका, आम्ही ज्यू, बेने इस्रायल. ते जरा वेळ गप्प झाले, मला वाटलं आता विषय संपला. मग म्हणाले, म्हणजे शनवार तेली का? आमची आजी सांगायची, तिच्या लहानपणी शनिवारी तेल मिळायचं नाही म्हणून शुक्रवारीच बुधला भरून ठेवायचे. अहो माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट मी फक्त आमच्याच घरात ऐकली होती, दुकानाच्या आतल्या बाजूने, आणि हे मला ती गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगत होते.

त्यांच्याकडे पणजोबांच्या जमिनीचा मोडीतला कागद आहे, तो त्यांनी जाणकाराकडून वाचून घेतलेला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, पिवळा कागद, घडीवर फाटलेला, आणि खाली त्यांनी टाइप केलं होतं, तिसरी ओळ बघा, मौजे चेऊल. म्हणजे पूर्वी मराठी माणसं चेऊलच म्हणायची आणि लिहायची, पुढे पाटीवर चौल आलं आणि जुना उच्चार आमच्या दोन घरांच्या आडनावात राहिला. फाइल तोपर्यंत सुटली होती तरी मी त्या फोटोची प्रिंट काढून पप्पांच्या कागदांच्या वरती ठेवलीय.

अजून एक सांगतो. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले आणि माझ्या चुलत भावांनी तिथे चेऊलकर सोडून अब्राहम लावलं. त्यांना दोष देत नाही, तिथे गावावरून कोण ओळखणार. पण त्यामुळे यादीत आडनाव शोधून आमची माणसं सापडत नाहीत, त्यापेक्षा कबरीवरचे दगड वाचावेत, जुन्या दगडांवर हिब्रूच्या जोडीला मराठीही असते.

तुमचं आडनाव तुम्ही लिहिलं नाहीये. शेवटी "कर" असेल आणि गाव सापडत नसेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ते नाव तोंडाने म्हणायला लावा आणि कसं म्हणतात ते नीट ऐका. आणि हे वाचणारं कुणी चेऊलकर असेल, कुठल्याही धर्माचं, तर मला नक्की कळवा, काका दर रविवारी फोन करून विचारतात अजून कुणी सापडलं का.