दाढ किडलेली नसताना सात वर्षांच्या मुलीला सीलंट लावावं का?

तुम्ही परभणीहून विचारलंय की मुलगी सात वर्षांची आहे, दाढा चांगल्या आहेत, तरी डॉक्टर सीलंट लावा म्हणतात, तर ते लावावं का. माझं उत्तर: लावा. दाढ किडलेली नाही हीच त्याची खरी वेळ आहे.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते. ती येताना आधीचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडणारच आहे' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची दाढ असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद आणि खोल असतात की ब्रशचा केस आत जात नाही, पण बिस्किटाचा लगदा जातो. सीलंट म्हणजे या खाचा बुजवणारा रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, पातळ थर. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार मागच्या दातांची ८० टक्के कीड तो दोन वर्षं टाळतो. दुसऱ्या कायमच्या दाढा बाराव्या वर्षाच्या आसपास येतात, त्यांनाही तेव्हा लावून घ्या.

इंजेक्शन नाही, ड्रिलिंग बहुधा नाही. एका दाढेला पाच-दहा मिनिटं लागतात. आधी दाढ ब्रशने साफ करतात, कापसाच्या गुंडाळ्या आणि सक्शन लावून कोरडी ठेवतात. मग सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद लावून भरपूर पाण्याने धुतात आणि हवेने वाळवतात. वाळल्यावर तो भाग खडूसारखा पांढुरका दिसायला हवा. दिसला नाही तर पुन्हा जेल लावावं लागतं. त्यानंतर सीलंट भरतात, टोकदार हत्याराने आतले बुडबुडे काढतात आणि निळ्या प्रकाशाने साधारण २० सेकंद कडक करतात.

सगळं बिघडतं ते लाळेमुळे. जेल धुतल्यावर त्या जागेला लाळेचा थेंब जरी लागला तरी सीलंट नीट चिकटत नाही आणि थोड्याच महिन्यांत निघून येतो. लेकरू जीभ फार हलवत असेल तर मदतीला दुसरं माणूस असलेला दवाखाना बघा. दाढेचा मागचा भाग अजून हिरडीखाली असेल तर ती जागा कोरडी राहतच नाही. अशा वेळी ग्लास आयोनोमर या दातांच्या सिमेंटचा सीलंट लावतात. तो कमी टिकतो, पण ओलावा थोडा सहन करतो आणि फ्लोराइड सोडतो. दाढ पूर्ण वर आली की रेझिनचा लावता येतो.

वरच्या दाढेची टाळूकडची खाच आणि खालच्या दाढेचा गालाकडचा खड्डा बऱ्याचदा राहून जातो. ते भरले का, हे तिथेच विचारा. शेवटी चावून बघायला सांगतात, तेव्हा उंच लागत असेल तर मुलीला बोलायला सांगा. वर चिकट थर राहतो, तो कापसाने पुसून चूळ भरायला लावणं चांगलं.

दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. थर अर्धवट निघाला असेल तर तेवढाच पुन्हा लावता येतो. दोन दातांच्या मधली कीड मात्र सीलंट रोखत नाही. त्यासाठी फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा ब्रश करणं आणि चहा-बिस्किटांच्या वेळा कमी करणं हाच उपाय. खड्डा पडलेलाच असेल तर फिलिंग लागतं.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मराठवाड्यात, विशेषतः किनवटसारख्या भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. जास्त फ्लोराइडने दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग पडतात. ते कीड नव्हेत, पण अशा दातावर ॲसिडचं जेल कधी कधी जास्त वेळ ठेवावं लागतं. म्हणून घरी बोअरचं पाणी पीत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंतरोग विभाग आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाढा दाखवा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा.