टेफ्लॉनची शीट मोठी घेतली तर बेअरिंग जास्त सहज सरकेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुलाचा ४० मीटरचा काँक्रीट गर्डर (म्हणजे आडवी तुळई), सरकत्या टोकाला पॉट बेअरिंग (गर्डर आणि खांब यांच्यामधला आधार, ज्यावर गर्डर थोडा सरकू आणि वळू शकतो), एका बेअरिंगवर साधारण ३०० टन लोड, आणि सप्लायरच्या ड्रॉइंगमध्ये पीटीएफईची (म्हणजे आपल्या टेफ्लॉनची) शीट फक्त ३६० मिमी व्यासाची आहे. ती बघून तुमचे सीनियर म्हणतायत की दुप्पट व्यासाची घेऊ, सेफ पण होईल आणि घर्षण पण कमी. माझं ऐका, मोठी करू नका.

कॉलेजात आपण शिकलो की घर्षण गुणांक दाबावर अवलंबून नसतो, पण टेफ्लॉनला ते लागू पडत नाही, तिथे दाब वाढला की गुणांक उतरतो. ग्रीसचे खळगे असलेली शीट आणि वर पॉलिश केलेलं स्टेनलेस, अशा जोडीसाठी युरोपच्या ईएन १३३७ या बेअरिंगच्या मानकात सरळ हिशोब दिलाय, १० मध्ये मेगापास्कलमधला दाब मिळवायचा आणि त्याने १.२ ला भागायचं. ५ मेगापास्कलला ०.०८ येतो, ३० ला ०.०३, आणि त्याच्या पुढे ०.०३ च धरतात. आता तुमच्या ३६० च्या शीटवर दाब येतो ३० च्या आसपास, म्हणजे सरकताना आडवा जोर (लोड गुणिले गुणांक) साधारण ९ टन. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, दाब साडेसातच्या आत, गुणांक ०.०७ च्या जवळ आणि आडवा जोर २० टनांच्या वर! पियर (पुलाचा खांब) १० मीटर उंच असेल तर बुडाशी ९० टन-मीटरच्या जागी २०० टन-मीटर मोमेंट (म्हणजे खांब वाकवणारा परिणाम, जोर गुणिले उंची), तोही एकाच बेअरिंगमुळे. बेअरिंग सेफ करायला गेलात आणि भार टाकलात पियर आणि फाउंडेशनवर.

अर्थात हवी तेवढी लहान पण चालत नाही, टेफ्लॉन लोडखाली हळूहळू बाजूला पसरतं, म्हणूनच शीटची निम्मी जाडी स्टीलच्या खाचेत बसवलेली असते. ती खाच मापात आहे ना हे बघा.

सरकणं किती, तर तापमानात ४० अंशांच्या फरकाला १९ मिमीच्या आसपास, शिवाय प्रीस्ट्रेस (केबल ताणून काँक्रीट दाबणं), क्रीप (लोडखाली हळूहळू दबत जाणं), श्रिंकेज (काँक्रीट सुकताना आखडणं) यांनी गर्डर आखडतो ते वेगळं आणि ते एकाच दिशेला. वरची स्टेनलेसची प्लेट एवढी लांब पाहिजे की टेफ्लॉन कधीच तिच्या बाहेर येणार नाही. आणि स्टेनलेस वर, टेफ्लॉन खाली हाच क्रम ठेवा, उलटं केलं तर आरशासारख्या पृष्ठभागावर धूळ बसते आणि मग ती धूळच टेफ्लॉन खरवडते.

मला खरी काळजी ड्रॉइंगपेक्षा साइटची वाटते. काही वर्षांपूर्वी एका खाडीपुलावर पियर कॅपला (खांबाच्या माथ्यावरच्या आडव्या भागाला) तिरप्या भेगा दिसल्या म्हणून आम्ही बेअरिंग बघायला वर चढलो, तर फॅक्टरीतून येताना दोन्ही प्लेटा धरून ठेवणारे ट्रान्झिट क्लॅम्प तसेच, गंजून घट्ट झालेले, आणि स्टेनलेसच्या कडेला सिमेंटची स्लरी वाळून दगड झालेली. टेफ्लॉनच्या खळग्यांतलं सिलिकॉन ग्रीस जॅक लावून उघडल्यावर अगदी ताजं निघालं, कारण ते बेअरिंग एक मिलिमीटर पण हललं नव्हतं. इतकं चांगलं मटेरियल आणि सगळं वाया, फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी बेअरिंगभोवती प्लॅस्टिक आणि टेप नीट लावून घ्या, जवळ वेल्डिंग करू देऊ नका (टेफ्लॉन जास्त तापलं की विषारी धूर सोडतं), साधं गाडीचं ग्रीस कोणी भरत असेल तर थांबवा. ग्राउट (बेअरिंगखाली भरलेलं सिमेंटचं मिश्रण) पक्कं झालं की प्रीस्ट्रेसच्या आधी क्लॅम्प काढायचे, आणि ते काढल्याची सही कोण करणार त्याचं नाव आत्ताच चेकलिस्टमध्ये टाका. सीनियरना वरचं ९ आणि २० टनांचं गणित कागदावर मांडून दाखवा, ते वाद घालणार नाहीत.